कुंपणापर्यंतची धाव

आमच्या वाड्याची रस्त्याकडची भिंत आषाढातल्या एका रात्री पडली. कोसळली म्हणवत नाही, कारण तेवढा आवाजही तिनं केला नाही. पांढऱ्या मातीच्या भिंती पावसाळ्यात पडतात त्या अशाच. दमलेल्या म्हातारीनं उंबऱ्यावर बसावं तशा बसतात. सकाळी दादा दुधाची पिशवी घ्यायला बाहेर गेला तर दार उघडण्याआधीच त्याला समोरचे चार शेजारी दिसले. त्यांनाही तो दिसला. दोन्ही पक्ष बनियनवर होते.

काकू पदर खोचून अंगणात आल्या, ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं ही माणसं एवढ्या जवळ राहतात, हे मला ठाऊकच नव्हतं."

भिंत उभी होती तोवर तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. पडल्यावर ती मोजली गेली: बेचाळीस फूट. दोन टोकांना हातभर उंचीचे दोन खुंट आणि खाली दीड फुटाचं दगडी जोतं तेवढं शिल्लक होतं. दुपारपर्यंत शेजारची शेळी आत येऊन जास्वंद खाऊन गेली. तेव्हा काकूंनी ट्रंक उघडली, एक जुनी नऊवार आणि एक जुनी पाचवार काढली, दोन्हींची पदराला पदर लावून गाठ मारली आणि बांबूंच्या आधारानं या खुंटापासून त्या खुंटापर्यंत ताणून बांधली. नऊ आणि पाच चौदा वार, चौदा त्रिक बेचाळीस. गणित मॅट्रिकला सोडलेल्या बाईनं एक इंचही कमी-जास्त केलं नाही.

"चार दिवसांचाच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या.

हे वाक्य लक्षात ठेवावं.

गवंडी आला. त्यानं सूत लावलं, ओळंबा सोडला, तंबाखू मळली आणि आठ दिवसांत भिंत उभी करतो म्हणाला. विटांचा ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी आला, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदारानं दादाला हाक मारून विचारलं, "परवानगी काढलीय ना?" आपल्याकडे हा प्रश्न काळजीपोटी विचारला जातो की तक्रार करण्याआधीची पूर्वसूचना म्हणून, हे शेवटपर्यंत कळत नाही.

आता गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर आमच्या फाइलीत आणखी एक कागद वाढेल. एवढंच सांगतो की आमच्या गल्लीच्या टोकाला एक हेमाडपंती महादेवाचं देऊळ आहे. हेमाडपंती म्हणजे दगडावर दगड नुसता बसवून, चुना न लावता केलेलं बांधकाम. आठशे वर्षांपूर्वी चुना न लावता सार्वजनिक कामं होत, यावर आजच्या कंत्राटदारांचा विश्वास बसणार नाही. तर हे देऊळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक आहेत. त्यांच्याजवळ उभी असते ती निळी पाटी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते आणि कुणीही शेवटपर्यंत वाचलेली नसते. लहानपणी आम्ही त्या पाटीला स्टंप समजून क्रिकेट खेळलो.

ती पाटी मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली, भिंत पडल्यानंतर आठव्या दिवशी.

कायदा १९५८ चा. २०१० साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. स्मारकाच्या हद्दीपासून सर्व दिशांना शंभर मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र. तिथं नवं बांधकाम नाही म्हणजे नाही. त्याच्या पलीकडे आणखी दोनशे मीटर विनियमित क्षेत्र. तिथं परवानगी काढून बांधता येतं. मोडलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'किंवा दोन्ही' हे शब्द वाचून दादानं ट्रॅक्टरवाल्याला विटा परत न्यायला सांगितलं.

मग मी आणि दादानं कायदा वाचायला घेतला. कायदा वाचायचा तर व्याख्यांपासून वाचावा. खरी करमणूक तिथं असते. 'बांधकाम' म्हणजे कोणतीही वास्तू उभारणं, पण त्यात 'पुनर्बांधणी' येत नाही. 'दुरुस्ती' म्हणजे असलेल्या वास्तूत फेरफार, पण त्यातही 'पुनर्बांधणी' येत नाही. थोडक्यात पुनर्बांधणी ही माहेरचीही नाही आणि सासरचीही नाही. शंभर मीटरच्या आत दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो, पुनर्बांधणीसाठी येत नाही. तेव्हा प्रश्न असा उरला, की आमची भिंत पडली आहे की बिघडली आहे? भिंत किती उभी असली म्हणजे दुरुस्ती, आणि किती आडवी झाली म्हणजे पुनर्बांधणी?

"जोतं आहे ना शाबूत? मग भिंत आहे," काकूंनी निकाल दिला. "माणूस झोपला म्हणून तो गेला असं म्हणतात का?"

याच व्याख्येत पुढं एक रत्न सापडलं. गटारं, सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या यांचं काम कायद्याच्या लेखी 'बांधकाम' नव्हेच. दादाचे डोळे चमकले. "आपली भिंत बाहेरच्या बाजूनं गेली चाळीस वर्षं त्याच खात्यात मोडते," तो म्हणाला. "देवांच्या टाइल्स लावूनसुद्धा कुणी थांबलं नाही. तसा अर्ज करू." घराण्याच्या अब्रूखातर तो मुद्दा आम्ही सोडून दिला. पण अजूनही मला वाटतं, कायदेशीरदृष्ट्या आमची बाजू तिथंच सगळ्यांत भक्कम होती.

पुढचा प्रश्न, आपण शंभर मीटरच्या आत की बाहेर? एका रविवारी दादानं पन्नास मीटरचा टेप आणला. टेप धरायला भावकीतली सगळी पोरं आली. मोजायचं कुठून? एकजण कळसाच्या खालून म्हणाला, दुसरा गाभाऱ्यातल्या पिंडीपासून, तिसरा निळ्या पाटीपासून, कारण ती सरकारनं स्वतः लावली होती. कायदा म्हणतो, संरक्षित हद्दीपासून. म्हणून देवळाभोवतीच्या सरकारी जाळीपासून टेप धरला. टेप परीटवाड्याच्या ओट्यावरून, कुणाच्यातरी स्वयंपाकघराच्या खिडकीखालून, एका स्कूटरवरून, दोन कुत्र्यांवरून आमच्या अंगणापर्यंत आला आणि शंभरावा मीटर नेमका आमच्या तुळशी वृंदावनात शिरला.

काकूंनी खडूनं तिथून रेघ ओढली आणि ती पडलेल्या भिंतीपर्यंत नेली. सत्तावीस फूट अलीकडे, पंधरा फूट पलीकडे. म्हणजे नऊवार प्रतिबंधित क्षेत्रात आणि पाचवार विनियमित क्षेत्रात. गाठ सीमेवर.

"जुन्या वळणाचीला बंधन, नव्या वळणाचीला परवानगी," काकू म्हणाल्या. "हे सांगायला टेप कशाला हवा होता?"

तात्पर्य, पंधरा फूट भिंत आम्ही परवानगीनं नवीन बांधू शकत होतो. उरलेल्या सत्तावीस फुटांसाठी आम्हाला सिद्ध करायचं होतं की ती भिंत १६ जून १९९२ च्या आधीपासून होती. तारीख कायद्यातलीच. त्या दिवशी ही हद्दीची अधिसूचना निघाली होती. त्या दिवशी आपण काय करत होतो हे घरात कुणालाच आठवेना. भिंत मात्र उभी होती, याची सगळ्यांना खात्री होती. कार्यालयातल्या खिडकीपलीकडचे गृहस्थ म्हणाले, "खात्री नको. पुरावा आणा. फोटो चालेल."

आमच्या घरात सहा अल्बम आहेत. काळ्या जाड पानांचे, फोटोंच्या चार कोपऱ्यांना खाचा लावलेले, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला फडफडता कागद. आम्ही घरातले सगळे दोन रात्री ते उलटत बसलो. त्यात सगळं होतं. बारशी होती, डोहाळजेवणं होती, झोपाळ्यावर चंद्रकोर होती. पहिल्या स्कूटरचा फोटो होता, पहिल्या फ्रिजचा होता. फ्रिजला तर हारही होता. गावातून बदलून गेलेल्या पोस्टमास्तरांच्या निरोपाचा होता. भिंतीचा फोटो नव्हता. बेचाळीस फूट लांब आणि सहा फूट उंच वस्तू घरासमोर उभी, आणि तीन पिढ्यांत कुणाला वाटलं नाही की हिचा एक फोटो काढावा. काढणार तरी कशाला? भिंतीचा फोटो काढणाऱ्याला घरच्यांनी दृष्ट काढायला नेलं असतं.

शेवटी सापडला. माझ्या मुंजीतला, १९८४ सालचा, रंगीत. मी मध्यभागी, डोक्याचा गोटा, हातात पळसाचा दंड, चेहऱ्यावर भिक्षावळीत पेढे कमी मिळाल्याचं दुःख. एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि मागं ती भिंत. म्हणजे असावी. कारण नेमकं भिंतीसमोर काकू उभ्या होत्या, नव्याकोऱ्या नऊवारीत, पदर पसरून, आणि राहिलेली जागा बँडवाल्याच्या भोंग्यानं व्यापली होती. भिंतीचा म्हणून जो भाग दिसत होता तो मामांच्या टोपीच्या वर दोन बोटं, आणि तो ढगही असू शकला असता.

आम्ही तो फोटो मोठा करून, साक्षांकित करून जोडला. खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला. "यात भिंत कुठाय?"

"मागं आहे. काकूंच्या मागं."

"काकू दिसतायत," त्यांनी मान्य केलं. आणि फोटो फाइलीला लावून घेतला.

अशा वेळी मला शनिवारवाडा आठवतो. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत केली. खर्च रुपये १६,११०. दोन वर्षांत सबंध वाडा उभा! पण सांगतात असं, की भोवतीचा तट चढू लागला आणि उत्तरेच्या अंगाला दरवाजा निघाला, तेव्हा साताऱ्याहून शाहू महाराजांची हरकत आली. दगडी कोट बांधावा तो छत्रपतींनी, पेशव्यानं नव्हे. आणि दरवाजाचं तोंड दिल्लीकडे म्हणजे पातशहाला डिवचणं. काम थांबलं. १७४० साली बाजीराव गेले. १७४९ साली शाहू महाराज गेले. त्यानंतर नानासाहेबांनी तट आणि दिल्ली दरवाजा पुरा केला. म्हणजे ज्या माणसाची घोडी दिल्लीच्या वेशीपर्यंत जाऊन आली, त्यालाही स्वतःच्या घराची कंपाउंड वॉल स्वतःच्या हयातीत पुरी करता आली नाही. आणि आज त्याच तटापासून शंभर मीटर मोजून आजूबाजूच्या वाड्यांच्या भिंती अडतात. हरकतीसुद्धा वारसाहक्कानं येतात.

ही गोष्ट मी काकूंना सांगितली. त्या म्हणाल्या, "शाहू महाराजांनी कारण तरी सांगितलं. आपल्याला नुसतीच 'त्रुटी' येते."

त्रुटी हा शब्द घरात आता पाहुण्यासारखा येऊन-जाऊन होता. पहिली त्रुटी: नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही. दुसरी: मिळकत पत्रिकेवर अकरा सहहिस्सेदार आहेत, सह्या दोघांच्या. अकरांपैकी चार जण वारले होते, दोघे एकमेकांशी बोलत नव्हते आणि एकजण आमच्याशी. भाऊबंदकी अशी की भिंत पडली हे ऐकून एका चुलतभावानं फोनवर विचारलं, "कुणाच्या बाजूला?" कायदा सांगतो की सक्षम प्राधिकाऱ्यानं अर्ज पंधरा दिवसांत पुढं पाठवावा, वरच्या प्राधिकरणानं दोन महिन्यांत मत द्यावं, आणि त्यानंतर महिन्याभरात निर्णय व्हावा. हिशेब चोख आहे. फक्त तो 'परिपूर्ण' अर्जाचा आहे, आणि परिपूर्ण असा अर्ज या भूतलावर अजून जन्मायचा आहे.

दुःख वाटल्यानं कमी होतं म्हणून आत्याला मुंबईला फोन केला. मुंबईनं आपल्या जुन्या वास्तूंसाठी १९९५ सालीच नियमावली केली. आत्याची इमारत त्या यादीत आहे, श्रेणी तीन. हे पत्र तिला आलं तेव्हा ती आठ दिवस जेवली नव्हती. "साठ वर्षं झाडून-पुसून ठेवलं, आणि शेवटी थर्ड क्लास!" तिला समजावून सांगावं लागलं, की ही शिक्षा नसून सन्मान आहे. "सन्मान आहे तर मला माझ्या गॅलरीचा रंग बदलायला परवानगी का लागते?" आत्यानं विचारलं. ते मात्र खरं होतं. यादीतल्या इमारतीला रंग द्यायचा झाला तरी पालिकेला विचारावं लागतं. आत्यानं गेल्या दिवाळीत गॅलरीला रंग न देता नुसत्या पणत्या लावल्या. पणत्यांबद्दल नियमावलीत काही नाही.

मग भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावरच्या एका जुन्या वस्तीत राहतो. मला वाटत होतं, आपलंच मेलं असं आहे. तिकडे लोक चंद्रावर जातात. पण तिकडे हे आपल्याहून आधी सुरू झालं. चार्ल्सटन नावाच्या शहरानं १९३१ सालीच जुन्या वस्तीसाठी नियम केले होते. आमच्या भाच्यानं पोराच्या काळजीनं घरापुढं प्लास्टिकचं पांढरं कुंपण लावायचं ठरवलं. समितीनं सांगितलं, प्लास्टिक नाही, लाकडी हवं, आणि पट्ट्यांतली फट इतकी इंच. मग सुनावणी झाली. शेजारी सुनावणीला येऊन त्याच्या कुंपणाबद्दल प्रत्येकी तीन मिनिटं बोलले. एका आजीबाईंनी १९५२ साली तिथं कसं कुंपण होतं ते हातवारे करून दाखवलं. शेवटी त्याला 'योग्यतेचा दाखला' मिळाला.

"लग्नाच्या वेळी आम्ही तुझ्या मामाला हा दाखला मागितला नव्हता," माझी बायको म्हणाली.

पण खरा तंटा तुळशीवरून झाला. भाच्याच्या बायकोनं अंगणात वृंदावन मागवलं होतं. समितीनं विचारलं, ही बांधीव कुंडी आहे, कारंजं आहे, की पुतळ्याचा चौथरा? भाच्यानं संस्कृतीवर वीस मिनिटं भाषण दिलं. समितीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: रस्त्यावरून दिसतं का? दिसत असेल तर परवानगी, नसेल तर खुशाल. वृंदावन मागच्या अंगणात गेलं. तुळशीचं लग्न यंदा गॅरेजच्या आडोशाला लागलं, आणि नियमाला धरून लागलं.

आमच्याकडे मात्र पाहणी ठरत नव्हती. साहेब दौऱ्यावर होते, मग दुसऱ्या दौऱ्यावर होते, मग दौऱ्यावरून आल्यामुळे रजेवर होते. गणपती आले. आमच्या रेघेपासून चाळीस फूट आत, भर प्रतिबंधित क्षेत्रात, दोन मजली उंच केदारनाथ उभा राहिला. बांबूचा आणि थर्माकोलचा. अकरा दिवस तिथं स्पीकर वाजले. खरा महादेव शंभर पावलांवर कानात बेलाची पानं घालून बसला होता. नवरात्रात त्याच खड्ड्यांत नवी कमान रोवली गेली. तिच्यावर इतक्या नेत्यांनी इतक्या जणांना शुभेच्छा दिल्या, की देवळाचं शिखर त्यांच्या जोडलेल्या हातांच्या वर जेमतेम दिसत होतं. तात्पुरतं म्हटलं की सगळं चालतं, हे मला तेव्हा कळलं. आमचं चुकलं ते एवढंच, की आम्हाला भिंत कायमची हवी होती.

कार्तिकात पाहणी झाली. कुणी रुबाबदार साहेब येतील म्हणून काकूंनी शिरा केला होता. आली ती पंचविशीतली एक मुलगी, पाठीला सॅक, पायात चिखलाचे बूट. तिनं शिरा नको म्हटलं नाही, यावरूनच ती कामाची आहे हे आम्ही ओळखलं. तिनं सगळं मोजलं. जुन्या नगर भूमापनाच्या नकाशाशी ताडून पाहिलं आणि म्हणाली, "तुमची भिंत नकाशापेक्षा नऊ इंच पुढं आहे."

"चालत आली असेल," दादा म्हणाला. "आमच्याकडे माउलींनी भिंत चालवली होती. आळंदीला आहे अजून."

"ती चालली तेव्हा हा कायदा नव्हता," ती हसून म्हणाली आणि जोत्यापाशी उकिडवी बसली.

मग तिनं एक गोष्ट केली, जी आमच्या घरातल्या कुणी तीन पिढ्यांत केली नव्हती. ती जोत्याकडे बघत राहिली. सॅकमधून दाढीचा असतो तसला ब्रश काढून एका दगडावरची माती झाडू लागली. दगड इतरांसारखाच काळा, पण मातीखालून हळूहळू एक वळणदार रेघ निघाली. मग दुसरी. मग पाकळी. बघता बघता अख्ख्या दगडाच्या कडेनं कमळाच्या पाकळ्यांची ओळ उघडी झाली. उलटी, म्हणजे टोकं जमिनीकडे. तिनं शेजारचा दगड झाडला. त्यावर एक छोटा हत्ती होता, सोंड उचललेला. तोही उलटा, पाय वर करून आमच्या पूर्वजांनी पायात बसवलेला.

कुणी काही बोललं नाही. ते दगड कुठून आले होते हे सांगायची गरज नव्हती. गल्लीच्या टोकाला देवळाची एक बाजू पडकी आहे. लहानपणी आम्हाला सांगत, ती परचक्रात पडली. सगळीच पडली असेल असं आता छातीठोक म्हणवत नव्हतं. निदान दोन दगडांपुरतं परचक्र आमच्याच घरातून निघालं होतं.

'कुंपणच शेत खातं' ही म्हण शाळेत असताना मी वाक्यात उपयोग करून दाखवली होती आणि एक मार्क मिळवला होता. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. इतके महिने मी त्या शंभर मीटरांना शिव्या घालत होतो. ते कुणापासून राखायचे होते हे पाहायला मला अंगणाबाहेर जावं लागलं नाही. पणजोबांना कुणी त्रुटी काढली असती, तर हा हत्ती आज सरळ उभा असता.

"आम्ही नाही हो आणले," काकू हळूच म्हणाल्या. "आमच्या आजेसासऱ्यांच्याही आधीचं असेल. मुदतीत बसतं का ते?"

"बसतं," ती म्हणाली. "आता तुम्ही फक्त ते हलवू नका."

तिनं फोटो काढले. अंगणाचे, जोत्याचे, उलट्या हत्तीचे, आणि सवय म्हणून बांबूंना ताणलेल्या त्या दोन साड्यांचेही, पट्टी लावून. जाताना काकूंच्या पाया पडली. काकूंनी तिला डब्यातून शिरा दिला. त्या डब्याची पोच अजून यायची आहे.

संक्रांत झाली. माघात पत्र आलं. दादानं ते देवापुढं ठेवून मग फोडलं. भाषा शासकीय होती, पण मजकूर स्पष्ट होता. सदर ठिकाणी आढळलेले कोरीव दगड पाहता जोत्यास कोणताही धक्का लावू नये, त्यावर कोणताही भार देऊ नये. भिंत १६ जून १९९२ पूर्वी अस्तित्वात असल्याचं सादर केलेल्या छायाचित्रावरून सिद्ध होत नाही. तथापि (शासकीय पत्रातला सगळा जीव 'तथापि'त असतो) पाहणीच्या वेळी आढळलेलं कुंपण, साहित्य बांबू व वस्त्र, लांबी बेचाळीस फूट, उंची वस्त्राच्या पन्ह्याइतकी, हे त्याच मापात, त्याच साहित्यात दुरुस्त करण्यास व सुस्थितीत ठेवण्यास हरकत नाही. रंगात बदल करू नये.

दादा भडकला. सहा महिने, अकरा सह्या, तीन नकाशे, आणि परवानगी काय तर साडीची! तो त्या पत्राविरुद्ध अपील करायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, कारण तोवर मी बरंच वाचलं होतं. जुन्या वास्तू कशा राखाव्यात यावर १९६४ साली व्हेनिसला जगभरच्या जाणकारांनी एक सनद केली. तीत म्हटलं आहे, की हरवलेल्या भागाच्या जागी जे नवं घालाल ते मूळ वास्तूशी मिळतंजुळतं हवं, पण जवळून पाहणाऱ्याला नवं आहे हे ओळखूही आलं पाहिजे. शिवाय नव्यानं जुन्याला इजा करू नये, आणि उद्या काढायचं म्हटलं तर काढता यावं, असं या क्षेत्रातले लोक मानतात. मी अंगणात जाऊन त्या साडीकडे नव्या नजरेनं पाहिलं. वाड्याशी मिळतीजुळती. कुणालाही बारावं शतक वाटणार नाही. दगडाला खिळा नाही. गाठ सोडली की मोकळी. काकूंनी शेळीला अडवता अडवता व्हेनिसची सनद शब्दशः पाळली होती.

"पण १९९२ चं काय?" दादा अडून बसला. "भिंतीचा पुरावा मागितला, मग साडीचा नको?"

काकूंनी देवघरातून चष्मा आणला, फाइलीतल्या मुंजीच्या फोटोची प्रत काढली आणि बोट ठेवलं. माझ्या गोट्यामागं, मामांच्या टोपीखाली, भिंतीला संपूर्ण झाकून, नव्याकोऱ्या मोरपंखी काठाच्या नऊवारीत त्या स्वतः उभ्या होत्या. तीच नऊवार. तोच काठ. १९८४.

"भिंत दिसत नाही म्हणाले ना?" काकू म्हणाल्या. "साडी तर दिसते."

आता ते आमचं कायदेशीर कुंपण आहे. पावसाळ्याआधी काकू ते सोडवून धुतात. मग धुतलेलं कुंपण वाळत कुठं घालायचं असा प्रश्न पडतो आणि ते कुंपण म्हणूनच वाळत घालावं लागतं. नऊवारीला दोन ठिकाणी ठिगळं लागली. त्याच काठाचं कापड मिळावं म्हणून दादा तीन तालुक्यांची बाजारपेठ पालथी घालून आला. उलट्या हत्तीला सकाळी काकूंनी एक फूल वाहायला सुरुवात केली आहे. त्याबद्दल पत्रात काही म्हटलेलं नाही. शेळी साडीपाशी येते, कापड हुंगते आणि परत जाते.

रोज दुपारी ऊन तापलं की जोत्याच्या फटीतून एक सरडा निघतो. बांबूपर्यंत धावतो. त्याची धाव तेवढीच, हे आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे. वर चढून तो आधी नऊवारीवर बसतो, मग गाठ ओलांडून पाचवारीवर जातो. आणि तिथं बसून, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणालाही न विचारता, रंग बदलतो.